स्पॅनिश शिकायला जाणाऱ्यांसाठी : रविवारही अभ्यासाचाच





बारावीनंतर परदेशी भाषा शिकावी का, असे विचारायला आमच्याकडे दरवर्षी काही मुले येतात. जर्मन आणि फ्रेंचच्या जोडीला आता स्पॅनिशचेही नाव निघते, आणि ते योग्यच आहे. सुमारे ५० कोटी लोकांची ही मातृभाषा आहे. स्पेनपासून मेक्सिको, पेरू, अर्जेंटिनापर्यंत वीसेक देशांचा कारभार तिच्यात चालतो. पाया इथेच घालून पुढे एखादे सत्र स्पेनमध्ये राहून शिकण्याची इच्छा काही मुलांच्या मनात असते.

पालकांशी बोलणे सुरू झाले की मात्र तीन अटी हमखास पुढे येतात. मुलाने आपल्याकडच्याच मुलांबरोबर राहावे. शनिवार-रविवार भटकू नये. तिकडच्या देवाधर्माच्या वाटेला जाऊ नये. या अटींमागची काळजी आम्ही जाणतो. एकुलते एक मूल सातासमुद्रापार पाठवणे सोपे नाही, आणि खर्चही लहान नाही. तरीही आमचे स्पष्ट मत असे, की या तिन्ही अटी घालायच्या असतील तर मुलाला पाठवूच नये. तेवढी स्पॅनिश इंदूरला बसूनही येईल. परदेशी जाऊन जे मिळते, ते नेमके या तीन ठिकाणीच मिळते.

उदाहरणासाठी सालामांका हे गाव घेऊ. तिथले विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले आणि आजही चालू आहे. स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण आन्तोनिओ दे नेब्रिहा यांनी १४९२ साली याच गावी प्रसिद्ध केले. देशोदेशीची मुले इथे स्पॅनिश शिकायला येतात. वर्ग साधारण सकाळी असतात. तिथे व्याकरण, वाचन, लेखन होते आणि परीक्षेची तयारी होते. ते आवश्यकच आहे. वर्ग बुडवणाऱ्याची बाजू आम्ही कधीच घेणार नाही.

या वर्गात मराठी मुलाला एक मोठी सोय असते, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. स्पॅनिशमधले त आणि द हे आपल्या त-द सारखेच दातांवर उच्चारले जातात. लिहिलेले शब्द बहुतेक जसेच्या तसे वाचता येतात. ‘बोलतोस’ म्हटले की बोलणारा कोण हे क्रियापदावरूनच कळते, तसेच तिथेही कळते. इंग्रजीत ‘आय लाइक कॉफी’ म्हणायची सवय झालेला विद्यार्थी स्पॅनिशमधल्या ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्याशी अडतो. आपल्या मुलाला ते वाक्य म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’ एवढेच असते.  आपण रोज वापरतो तो ‘पगार’ शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि पैसे देणे या अर्थी तोच शब्द स्पॅनिशमध्येही आहे. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, नवी भाषा इंग्रजीच्या चष्म्यातून पाहू नका. मराठीतून पाहा, हिंदीतून पाहा, निम्मी वाट तिथेच सरते.

उरलेली निम्मी वाट वर्गाबाहेर आहे.

पहिले ठिकाण म्हणजे घर आणि मैत्री. स्पॅनिश कुटुंबात राहण्याची सोय तिथल्या भाषाशाळा करून देतात. दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊ-दहाला, हे अंगवळणी पडायला आठवडा जातो. शाकाहारी मुलाने आपण काय खातो आणि काय खात नाही, हे पहिल्याच दिवशी नीट सांगावे, कारण तिकडे भाजीच्या पदार्थातही डुकराच्या मांसाचे तुकडे पडलेले असू शकतात. पण हे सांगणे हाच पहिला धडा होय! ‘हे मला चालत नाही, पण तुम्ही केलेले ते फार आवडले’ हे वाक्य सौजन्याने बोलता येणे कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा कठीण आहे. मित्र जोडायची तिथे एक चांगली रीत आहे. अर्धा तास तुम्ही माझ्याशी स्पॅनिश बोला, अर्धा तास मी तुमच्याशी इंग्रजी बोलतो, अशी ती देवघेव. आपल्या मुलाकडे देण्यासाठी इंग्रजीच नव्हे, तर हिंदी आणि मराठीही आहे. तो रिकाम्या हाताने जात नाही. याउलट चार इंदुरी मुले एका खोलीत राहिली, तर तिथे इंदूरच नांदते.

दुसरे ठिकाण श्रद्धेचे. पालक इथेच सर्वांत जास्त बिचकतात. स्पेनचे वर्ष चर्चच्या सणांवर बेतलेले आहे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात येशू आणि मारियेच्या मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणुका निघतात, आणि मूर्ती वाहणाऱ्यांच्या मंडळ्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या असतात. गणेशोत्सवात वाढलेल्या मुलाला त्यातली शिस्त आणि भाव समजावून सांगावा लागत नाही. सालामांकाजवळच्या आल्बा दे तोर्मेस या गावी संत तेरेसा यांनी १५८२ साली देह ठेवला. त्यांनी लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या बोलीत लिहिले आणि स्वयंपाकघरातही देव भेटतो असे सांगितले. ज्ञानोबांची मराठी आणि जनाबाईंचे जाते ज्याला ठाऊक आहे, त्याला ही बाई परकी वाटेल काय? ख्रिस्ती घरातल्या मुलाने तिथे आपली रविवारची उपासना जरूर करावी. प्रार्थना पाठ असल्याने भाषाही लवकर बसते. हिंदू मुलाने सकाळी आपल्या देवाला हात जोडावेत, आणि यजमानांनी बोलावले तर चर्चमध्ये मागच्या बाकावर शांतपणे बसावे.

त्याने आपला धर्म सुटेल ही भीती आम्हांस पटत नाही. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी इतकी आत्मसात केली की ‘क्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. तो १६१६ साली छापला गेला. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरे, आणि आपली मुले तसल्या हेतूने कुठेही जात नाहीत. पण पुराणांची शैली आणि ओवीचा छंद इतका मुरूनही त्यांची स्वतःची श्रद्धा ढळली नाही, हेही तितकेच खरे. दुसऱ्याच्या देवघराची भाषा कळली म्हणजे आपले देवघर मोडत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे शनिवार-रविवारची भटकंती. सालामांकाहून शंभरेक किलोमीटरवर आविला आहे. त्या गावाभोवतीचा मध्ययुगीन तट आजही उभा आहे आणि त्यावरून चालता येते. पुढे सेगोवियाला रोमन लोकांनी बांधलेला दगडी जलसेतू आहे, तोही चुन्याशिवाय रचलेला. या जागा पाहण्यासारख्या आहेतच. पण भाषेसाठी महत्त्वाचे ते वाटेत घडते. तिकीट काढणे, चुकलेल्या बसची चौकशी करणे, शेजारच्या आजोबांच्या गप्पा ऐकणे, दुकानदाराचे भरभर बोलणे पकडणे. तिथे शिक्षक सावकाश बोलत नाही आणि चुकले तर कोणी गुण कापत नाही. लांब सुट्टी मिळाली तर सांतियागोची पदयात्रा करावी. शेवटचे किमान १०० किलोमीटर पायी चाललेल्यांना यात्रेचे प्रमाणपत्र मिळते; २०२३ साली ते चार लाखांहून अधिक लोकांनी मिळवले. त्यांत सर्व धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही असतात. पंढरीच्या वारीची ओढ ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना तिथे वाटेवरची ओळख कशी होते हे शिकवायला नको.

पालकांनी नियम घालावेत, अवश्य घालावेत. विमा काढलेला असावा. यजमान कुटुंबाचा पत्ता आणि दूरध्वनी घरी लिहून ठेवावा. कुठे जाणार, कोणाबरोबर आणि परत केव्हा, हे निघण्यापूर्वी कळवावे. एकट्याने रात्री-अपरात्री हिंडू नये. मुक्काम ९० दिवसांहून जास्त असेल तर त्याचा व्हिसा वेगळा असतो, त्याची चौकशी आधीच करावी. नियम सुरक्षिततेचे असावेत, भीतीचे नसावेत.

आपल्या समाजाला तर हे सांगावेच लागू नये. होळकरांच्या काळात आपले पूर्वज माळव्यात आले, तेव्हा त्यांच्यासाठी भाषेचे वर्ग कोणी भरवले नव्हते. बाजारात, शेजारात, होळी-दिवाळीत हिंदी आणि माळवी त्यांच्या जिभेवर आली. घरात देव राहिले, मराठीही राहिली. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्याने आमची मराठी गेली नाही, उलट एक भाषा जास्तीची आपली झाली. अडीचशे वर्षांहून अधिक काळ जे आपण करत आलो, तेच आपली मुले सालामांकात करू पाहत आहेत. त्यांना अडवण्याचे कारण आपल्याकडे तरी नाही.

म्हणूनच विश्वस्त मंडळींना एक विनंती. परदेशी भाषेसाठी तासिका हवी म्हणून मराठीची तासिका कमी करावी, अशी सूचना अधूनमधून येते. ती मान्य करू नये. स्पॅनिशचा वर्ग शाळा सुटल्यावर जरूर घ्यावा, त्यासाठी आम्ही शाळेची खोली आणि आमचा वेळ द्यायला तयार आहोत. पण ज्या मराठीच्या आधाराने मूल ती नवी भाषा लवकर शिकणार आहे, तीच काढून घेणे म्हणजे शिडी विकून आंबे घेण्यासारखे आहे.

आणि मुलांनो, तुम्हांला एवढेच सांगणे. जाल तेव्हा वर्गात पहिल्या बाकावर बसा. संध्याकाळी यजमानांच्या स्वयंपाकघरात बसा. रविवारी कोणाचा तरी हात धरून गावाबाहेर पडा. परत आलात की आम्हांला गुणपत्रिका तर दाखवाच, पण त्याआधी तिकडच्या मित्रांची नावे सांगा.

आपला स्नेहाकांक्षी,
प्राचार्य