कळलावी अंगणात असावी, औषधाच्या डब्यात नको

पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर कुंपणांवरून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले डोलू लागतात. ही कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. कोकणात गौरीच्या पूजेत तिला मान आहे, तर तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे. आता ही वेल शहरांतील कुंड्यांतही दिसते, हे चांगलेच. मात्र रोपावरच्या ‘औषधी’ या पाटीने कोणी फसू नये.

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे द्रव्य असते. गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर ते अगदी मोजून देतात. तमिळनाडूत त्यासाठी बियांची शेती होते. पण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. आयुर्वेदानेही तिची गणना उपविषांत केली असून शोधनाशिवाय वापर निषिद्ध मानला आहे. रताळे समजून कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. तोवर विष अंगात भिनलेले असते. त्यामुळे कंद पोटात गेल्याचे कळताच, त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी हा कंद वापरत, त्यावरून हे नाव पडले. हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. तो आज कोणीही करू नये. ‘घरात लावली की भांडणे लागतात’ हा समजही जुनाच. त्याला आधार नाही, पण त्यामुळे ही वेल घरापासून चार हात दूर राहिली. समज गेला तरी सावधगिरी जाता कामा नये.

लागवड अवघड नाही. पावसाच्या तोंडावर कंद मातीत आडवा, दोन-तीन इंच खोल ठेवावा. त्याचा कोंब नाजूक असतो. पानांची टोकेच आधाराला विळखा घालतात, म्हणून जाळी किंवा काठी द्यावी. पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यानंतर वेल वाळते, पण कंद जिवंत राहतो. हाताळताना हातमोजे घालावेत, कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत, मुले आणि पाळीव जनावरे यांच्यापासून कुंडी दूर असावी. कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. औषधासाठी बेसुमार खणल्याने रानातली कळलावी आधीच विरळ झाली आहे. बागेच्या हौसेने तिच्यावर आणखी घाव नको.