मेलेल्या मुलीची वही

कोणतीही पोलिसी मालिका घ्या. पहिल्या पाच मिनिटांत एक प्रेत सापडते. नाल्यात, बंद खोलीत, नाहीतर मोटारीच्या डिकीत. ते बहुधा बाईचे किंवा तरुण मुलीचे असते. मग साहेब येतात, ठसे घेतले जातात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या होतात. शेवटी गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडतात आणि आपण दिवा मालवून झोपतो. ती मुलगी कोण होती, तिला काय आवडत होते, मरण्याआधी तिने कुणाला काही सांगायचा प्रयत्न केला होता का, ही चौकशी फारशी कुणी करत नाही. केली तरी गुन्हेगार सापडेपर्यंतच.

वाचकहो, मालिका पाहू नका असे सांगायला मी बसलेलो नाही. आमच्या कुरुळीपासून चाकणपर्यंत कंपन्यांच्या आसऱ्याने राहणारी बहुतेक कुटुंबे एका-दोन खोल्यांत राहतात. आठ-दहा तास मशीनपुढे उभे राहून आलेल्या माणसाने रात्री तासभर टीव्हीपुढे पाय पसरले तर त्यात गुन्हा काय? ‘सीआयडी’ १९९८ मध्ये सुरू झाली, वीस वर्षे चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. त्यातले शिवाजी साटम त्याआधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ या मालिकेत होते, हे आमच्या पिढीला आठवत असेल. रहस्याची ओढ माणसाला असतेच. माझे म्हणणे एवढेच की मालिका जिथे थांबते तिथून पुढे जाणारी पुस्तकेही असतात. त्यांतल्या एका पुस्तकाने मला जे शिकवले ते आपल्या घराघरांत सांगण्यासारखे आहे.

मालिका आणि पुस्तक यांचे नाते तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार आपल्या ओळखीचा. पुस्तक आधी आणि मालिका नंतर. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवरून केलेली होती. आपला फास्टर फेणेही तसाच. भा. रा. भागवतांनी पुस्तकांत जन्माला घातलेला फुरसुंगीचा हा पोरगा पुढे दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये सिनेमातही आला. दुसरा प्रकार म्हणजे पडद्यावर पाहिलेलीच गोष्ट पुन्हा पुस्तकात लिहून काढणे. त्यात नवे काही नसते.

तिसरा प्रकार मात्र वेगळा. मालिका चालू असते, किंवा नुकतीच संपलेली असते. मालिकेत जे दाखवले नाही, दाखवता आले नाही, ते सांगणारे पुस्तक तिच्या जोडीला निघते. एखाद्या पात्राची डायरी, तपास अधिकाऱ्याच्या नोंदी, गावाचा जुना इतिहास असे त्याचे रूप असते. आपण याला जोडपुस्तक म्हणू. आपल्याकडे मागची कथा सांगायची वेळ आली की बहुधा मालिकेचाच नवा भाग काढतात. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली आणि २०१९ च्या दुसऱ्या भागात अण्णा नाईक आणि शेवंता यांची आधीची हकीकत पडद्यावरच सांगितली गेली. अमेरिकेत मात्र अशी जोडपुस्तके बरीच निघतात. त्यांतले सर्वांत गाजलेले एक आहे, त्याचीच ही गोष्ट.

एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेत ‘ट्विन पीक्स’ नावाची मालिका सुरू झाली. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट हे तिचे निर्माते. पहिला भाग सुमारे साडेतीन कोटी लोकांनी पाहिला म्हणतात. गोष्ट डोंगराळ भागातल्या एका लहान गावाची. गावात लाकडाची गिरणी, एक हॉटेल, एक शाळा. एका सकाळी पाण्याच्या काठाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले एक प्रेत सापडते. ती सतरा वर्षांची लॉरा पामर. वकिलाची एकुलती एक लेक, शाळेतली सर्वांची लाडकी. ती म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवण्याचे काम करी, एका अपंग मुलाला शिकवी. सारे गाव रडते. आणि सारा देश एकच प्रश्न विचारू लागतो, लॉराला कोणी मारले?

पहिले पर्व संपले तरी उत्तर मिळाले नाही. दुसरे पर्व सुरू होण्याच्या सुमारास, सप्टेंबर १९९० मध्ये, बाजारात एक पुस्तक आले. त्याचे नाव ‘लॉरा पामरची गुप्त रोजनिशी’ अशा अर्थाचे. लिहिणारी जेनिफर लिंच, दिग्दर्शकाचीच मुलगी, वय अवघे बावीस. लहानपणी तिला वाटे, आपल्या वयाच्या दुसऱ्या एखाद्या मुलीची डायरी सापडावी, म्हणजे आपल्याला जे वाटते ते तिलाही वाटते का हे कळेल. तीच इच्छा पुढे या पुस्तकाच्या कामी आली. पुस्तक हातोहात खपले. लोकांनी ते खुनी शोधण्यासाठी विकत घेतले. हाती काय लागले? एक जिवंत मुलगी.

डायरी सुरू होते ती लॉराच्या बाराव्या वाढदिवशी. वाढदिवसाला तिला एक घोडा मिळालेला असतो, त्याचा तिला कोण आनंद! अक्षरातून बालपण दिसते. मैत्रिणी, आईचा राग, शाळेतल्या खोड्या. आणि मध्येच, जणू सहज, तिच्याकडे रात्री येणाऱ्या एका माणसाचा उल्लेख येतो. ती त्याला बॉब म्हणते. तो तिला भीती दाखवतो, तिची लाज काढतो, कुणाला सांगितलेस तर बघ म्हणतो. पानामागून पान जाते तशी पोर बदलत जाते. आपणच वाईट आहोत, म्हणून हे आपल्या वाट्याला येते, असे तिला वाटू लागते. पुढे नशा येते, खोटे बोलणे येते. गावाला मात्र ती हसरी लॉराच दिसत असते. काही ठिकाणी पाने फाडलेली आहेत असे दाखवले आहे. नेमके जे वाचायला हवे ते नाही!

मालिका जुनी आहे, म्हणून रहस्य सांगून टाकतो. नोव्हेंबर १९९० मध्ये दाखवलेल्या भागात खुनी उघड झाला. तो लॉराचा बापच होता. मालिकेने त्यावर असा पडदा टाकला की बॉब नावाचा दुष्ट आत्मा बापाच्या अंगात शिरला होता.

इथे मला थांबावेसे वाटते. अमेरिकेसारख्या देशातही घरातल्या पुरुषाचा गुन्हा दाखवायची वेळ आली तेव्हा भुताची मदत घ्यावी लागली! आपल्याकडे काय वेगळे होते? ‘दारूत होता, त्याला शुद्ध नव्हती.’ ‘त्याच्या अंगात आले होते.’ ‘त्याच्यावर कुणीतरी काहीतरी केले.’ ही आपल्याकडची भुतेच आहेत. माणसाने केलेल्या कृत्याचा जाब माणसालाच विचारायचा, ही शिकवण ज्यांच्या घरात आहे त्यांनी तरी असल्या सबबी ऐकून घेऊ नयेत. डायरी वाचताना मला बॉब हे भूत वाटले नाही. एका लहान मुलीला ज्याचे खरे नाव उच्चारताच येत नाही अशा माणसाला तिने दिलेले ते टोपणनाव वाटले.

या मालिकेची आणखीही जोडपुस्तके निघाली. १९९१ मध्ये तपास अधिकारी डेल कूपर याचे आत्मचरित्र आले, ते मार्क फ्रॉस्टचा भाऊ स्कॉट याने लिहिले. २०१७ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्या आगेमागे मार्क फ्रॉस्टने स्वतः दोन पुस्तके लिहिली. त्यांत गावाचा इतिहास आहे, कागदपत्रे आहेत, कोणाचे पुढे काय झाले ते आहे. कोडे सोडवण्याची आवड असलेल्याला ती रुचतील. पण लॉराच्या डायरीची सर त्यांना नाही. कारण ती पुस्तके मालिका समजावून सांगतात. डायरी मालिकेला प्रश्न विचारते. तुम्ही सारे माझ्या मरणाचा तपास करता आहात, पण मी पाच वर्षे जिवंतपणी मरत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?

योगायोग पाहा. अमेरिकेत ही डायरी आली त्याच सुमारास, १९९०-९१ मध्ये, आपल्या दूरदर्शनवर ‘नाजुका’ ही मालिका आली. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या १९८६ मध्ये निघालेल्या आत्मकथनावर ती आधारलेली होती. ती रहस्यकथा नव्हे, आणि ते पुस्तक मालिकेसाठी लिहिलेलेही नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या महूदची एक मुलगी, जातीचे चटके सोसत शिकते, शिक्षिका होते आणि निवृत्तीनंतर स्वतःची हकीकत स्वतःच्या बोलीत लिहून काढते. नाजुका हे तिचे लहानपणचे नाव. शांताबाई २०२३ मध्ये गेल्या, पण त्यांचा शब्द मागे राहिला. लॉराची वही कल्पनेतली, आणि तीही मेल्यावर उघडलेली. नाजुकाची वही खरी, आणि तिने ती जिवंतपणी, ताठ मानेने जगापुढे ठेवली. आपल्या लेकींच्या हाती यांतली कोणती वही पडावी हे आपणच ठरवायचे आहे.

आता घरचा मुद्दा. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका महिला मंडळाच्या बैठकीनंतर एक ताई मागे थांबल्या. गाव, नाव सांगत नाही. त्यांची मुलगी सातवीत. महिनाभर तिचे अभ्यासात लक्ष नव्हते, बोलणे बंद झाले होते. ताईंनी दोन वेळा रागे भरून पाहिले, एकदा हातही उचलला. मग भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ त्यांना दिसली. सुटीत मला तिकडे पाठवू नका, एवढेच. ‘तिकडे’ म्हणजे जवळच्या नात्यातले घर. त्या माउलीने पुढे सारे निस्तरले, कायद्यानेही आणि मायेनेही. पण तिचे एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, ‘भाऊ, पोरगी महिनाभर सांगतच होती. मला वाचता येत नव्हतं.’ ताई बारावी शिकलेल्या होत्या.

गुन्ह्याची आकडेवारी गोळा करणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. मालिकेतला खुनी रेनकोट घालून अंधारातून येतो. खऱ्या जगात त्याला आपणच चहा देतो.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने लिहून ठेवाव्यात. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. मुलगाही त्यात येतो, हे विसरू नका. मुलाचा जबाब घ्यायला पोलिसांनी गणवेशात यायचे नसते, शक्यतो महिला अधिकाऱ्याने यायचे असते. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी घेता येतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव, पत्ता, शाळा वर्तमानपत्राने छापायची नसते. घराची अब्रू जाईल ही भीती अशा वेळी पहिली येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. गुन्हा माहीत असून तो न कळवणे हाही या कायद्याने गुन्हाच आहे. लहान मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, त्याला पैसे लागत नाहीत. मुलांनाही तो पाठ करायला लावा.

मग मुलीची वही चोरून वाचायची का? मुळीच नाही. लॉराची वही दुसरे कुणीतरी वाचत होते, पाने फाडत होते. म्हणून तिने ती घराबाहेर, एका कधीच घर न सोडणाऱ्या माणसाकडे ठेवायला दिली. घरात जागा नाही, परका सुरक्षित! वही चोरून वाचण्यापेक्षा वहीत लिहायची पाळीच येणार नाही असे ऐकणारे कान घरात असावेत. पोर अमुक एका घरी जायला नको म्हणते, तर आधी ‘नाटकं करू नको’ म्हणू नका. ‘बरं, नाही जायचं. का ते सांगावंसं वाटलं की सांग,’ असे म्हणा. आणि सांगितले तर पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच का?’ हा नसावा. तो प्रश्न ज्या दिवशी विचारला जातो त्या दिवसापासून पोर गप्प होते. बापांनीही हे काम बायकांवर ढकलू नये. शिफ्ट करून दमलो हे खरे, पण दहा मिनिटे लेकीशेजारी बसायला ओव्हरटाइम लागत नाही.

लॉराची डायरी इंग्रजीत आहे, भाषा सोपी, पण मजकूर जळजळीत. ती लहानांच्या हाती देऊ नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी जरूर वाचावी आणि आईबापांना गोष्ट म्हणून सांगावी. लहानांसाठी फास्टर फेणे आहे. नाजुका तर सगळ्यांसाठी आहे, आणि शांताबाईंचे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायला फार गोड.

आज रात्री पुन्हा कुठल्या तरी मालिकेत पहिल्या पाच मिनिटांत एक मुलगी मेलेली सापडेल. मालिका अवश्य पाहा. फक्त जाहिराती लागल्या की टीव्हीचा आवाज कमी करा आणि पोरांना विचारा, या मुलीने आधी कुणाला काही सांगितले असेल का रे? त्यांची उत्तरे लक्ष देऊन ऐका.