सल्लागार मंडळावरील नाव येते कोठून?

शासनाचे एखादे सल्लागार मंडळ वा परिषद स्थापन झाल्याची बातमी आली की आपल्या व्यवसायात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'आपला कोणी आहे का?' हा. असल्यास शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, नसल्यास निषेधाचा ठराव होतो. दोन्ही ठरावांची भाषा वर्षानुवर्षे तीच आहे. मात्र ती यादी तयार कशी झाली, नावे कोणाच्या शिफारशीने आली आणि निवडीचे कारण कोठे नोंदले गेले, हे विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. आमच्या मते हाच प्रश्न आधी विचारावयास हवा. तो विचारावयाचा तर कायद्यातील शब्द आपणांस ठाऊक असणे आवश्यक आहे.

हा विषय आपला नव्हे, असे कोणी म्हणू नये. पक्षाघाताचा रुग्ण, आमवाताने सांधे जखडलेली गृहिणी, सेरेब्रल पाल्सी असलेले बालक हे सारे आपल्या चिकित्सालयाच्या पायरीवर नित्य येतात. औषधाइतकीच त्यांची चौकशी प्रमाणपत्राची, एस.टी.च्या सवलतीची, शाळेतील प्रवेशाची असते. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वास मान्यता दिली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या एकवीसवर नेली आणि पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे विकारही त्यांत आले. विदर्भातील वैद्यबांधवांना सिकलसेलचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. या सर्वांसाठी राज्याने कोणते धोरण आखावे, याविषयी शासनास सल्ला देणारे व्यासपीठ म्हणजे राज्य सल्लागार मंडळ होय.

या मंडळाची घडण अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये दिली आहे. खात्याचे मंत्री अध्यक्ष आणि राज्यमंत्री असल्यास ते उपाध्यक्ष. त्यांच्यामागे आरोग्य, वित्त, शालेय शिक्षण, ग्रामविकास, नगरविकास, परिवहन अशा अनेक विभागांच्या सचिवांची लांबलचक रांग. विधिमंडळाचे तीन सदस्य, दोन विधानसभेतून व एक विधान परिषदेतून; गोव्यासारख्या राज्यात विधान परिषद नसल्याने तिन्ही विधानसभेतून. त्यानंतर येतात ते शासनाने नामनिर्देशित करावयाचे सदस्य. दिव्यांगत्व व पुनर्वसन या क्षेत्रातील तज्ज्ञ पाच; जिल्ह्यांचे प्रतिनिधी पाच, तेही आळीपाळीने; दिव्यांगांच्या संस्था-संघटनांचे प्रतिनिधी दहा; आणि राज्याच्या वाणिज्य व उद्योग मंडळाचे जास्तीत जास्त तीन. म्हणजे तेवीसपर्यंत नावे शासनाच्या लेखणीतून उतरतात.

येथे थोडे थांबावयास हवे. दहा प्रतिनिधींसंबंधी कायदा बराच काटेकोर आहे. त्यांत किमान पाच स्त्रिया हव्यात, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांतील प्रत्येकी किमान एक व्यक्ती हवी. परंतु हे दहा जण स्वतः दिव्यांग असावेत, या अपेक्षेपुढे 'शक्य असेल तेथवर' अशा अर्थाची शब्दयोजना आहे. ही शब्दयोजना १९९५ च्या कायद्यातही होती. रुग्ण हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक, हे आपणांस पहिल्या वर्षापासून शिकविले जाते. त्या पादावाचून चिकित्सा उभी राहत नाही, आणि येथे मात्र तो शक्य असेल तेथवरच!

'तज्ज्ञ' या शब्दाचे तर मोजमापच कायद्यात नाही. किती वर्षांचा अनुभव, कोणती पात्रता, कोणते कार्य, यांपैकी काहीच कलमात लिहिलेले नाही. त्यामुळे त्या पाच जागांवर पुनर्वसनाचे काम आयुष्यभर केलेली व्यक्तीही येऊ शकते आणि मंत्रालयात वरचेवर दिसणारी व्यक्तीही. आयुर्वेदासाठी यांत निराळी जागा नाही. आमची तशी मागणीही नाही, कारण प्रत्येक पॅथीने आपापली खुर्ची मागावयाची ठरविल्यास दिव्यांगांना बसावयास जागा उरणार नाही. पंचकर्माने व्याधिताची हालचाल सुधारण्याचे काम ज्याने वर्षानुवर्षे केले आहे आणि त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत, असा वैद्य तज्ज्ञांच्या पाचांत पात्रतेने बसू शकतो. नोंदी ठेवणारे आपल्यात किती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

मंडळाची बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावी आणि नामनिर्देशित सदस्याची मुदत तीन वर्षांची असावी, असे अधिनियम सांगतो. म्हणजे किमान नियम पाळला तर एका सदस्याच्या वाट्यास सहा बैठका येतात. शिवाय मुदत संपली तरी उत्तराधिकारी येईपर्यंत जुना सदस्य पदावर राहतो. जागा रिकामी राहू नये हा या तरतुदीचा हेतू चांगलाच आहे. परंतु नवी यादी करण्याची घाई कोणासच उरत नाही, हा तिचा उपद्रव. अशा नेमणुकांच्या बाबतीत राज्ये किती मंद असतात हे सर्वोच्च न्यायालयासही ठाऊक आहे. याच अधिनियमाखालील राज्य आयुक्तांच्या नेमणुकांसाठी २०२३ मध्ये न्यायालयास राज्यांना मुदत घालून द्यावी लागली.

आता आपल्या हक्काच्या जागेविषयी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या संज्ञेच्या व्याख्येतील तिसरा उपखंड अवश्य वाचावा. आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाची पदव्युत्तर पदवी असलेला वैद्य त्यात स्पष्टपणे नमूद आहे; सोबत होमिओपॅथी, युनानी व सिद्ध यांतील समकक्ष पदवीधर आहेत. याच तिसऱ्या उपखंडातील एक व्यक्ती राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर नेमावी, तिला किमान पंधरा वर्षांचा अनुभव असावा, असे कलम ४६ म्हणते. एवढेच नव्हे, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावर मानसोपचारतज्ज्ञाबरोबर एक वैद्यकीय व्यावसायिक असतो, आणि त्या संज्ञेच्या व्याख्येत भारतीय चिकित्सा पद्धतीचा मान्यताप्राप्त पदवीधर, म्हणजे आपला बी.ए.एम.एस. पदवीधरही बसतो. रुग्णास त्याच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवावे की नाही, अशा बाबी या मंडळापुढे येतात. किती गंभीर ही जबाबदारी! आपल्या किती शाखांत या तरतुदीची चर्चा झाली असेल?

कायद्याने जागा दिली तरी तेथे बसण्यास पात्र माणूस आपण तयार केला पाहिजे. मनोविज्ञान व मानसरोग या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण देशातील मोजक्याच महाविद्यालयांत मिळते. कायचिकित्सेकडे जशी विद्यार्थ्यांची रीघ लागते तशी इकडे लागत नाही. पंधरा वर्षांचा अनुभव असलेली माणसे आज हवी असतील तर ती पंधरा वर्षांपूर्वी घडावयास हवी होती. आणि आज कोणी घडविली नाहीत तर पुढील पंधरा वर्षांनीही त्या जागेवर अन्य पॅथीचा पदवीधर बसलेला दिसेल. तो पात्र असेल तर आपली तक्रार कसली? प्राधिकरणाच्या वर्षाकाठी किमान चार बैठका व्हाव्यात असाही नियम आहे. तो महाराष्ट्रात कितपत पाळला गेला, हा विषय २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिकेच्या निमित्ताने आला होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात परिषदेचे ज्ञानवती व मूढ असे दोन प्रकार सांगून पुन्हा सुहृत्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट असे भेद केले आहेत. आजच्या शासकीय मंडळांस आमचा नम्र आक्षेप ज्ञानाच्या अभावाचा नाही. सचिव कामात बुडालेले असतात, त्यांच्या जागी कनिष्ठ अधिकारी येतो, तो इतिवृत्तावर सही करून परततो. ही उदासीन परिषद होय. तिच्यापुढे युक्तिवाद करूनही काही हाती लागत नाही.

औषधिनिर्मात्या बंधूंसही यात एक गोष्ट सांगावयाची आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३-सी खालील केंद्रीय तांत्रिक सल्लागार मंडळावर आयुर्वेदीय औषधउद्योगाचा एक प्रतिनिधी आणि आयुर्वेदाचा एक चिकित्सक अशा निरनिराळ्या जागा आहेत. कोण कोणाच्या वतीने बोलतो हे त्यामुळे उघड असते. ही पद्धत आम्हांस प्रामाणिक वाटते. वातविकारावरील तेलांचा कारखाना चालविणाऱ्याने दिव्यांग मंडळावर 'तज्ज्ञ' म्हणून बसणे गैर नाही, पण कारखान्याचा उल्लेख त्याच्या नावापुढे असलाच पाहिजे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सल्ल्यासाठी स्थापन केलेली मंडळे, परिषदा व समित्या यांची माहिती आणि त्यांची इतिवृत्ते लोकांस पाहता येतात की नाही, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाचे असते. तेव्हा निषेधाच्या ठरावाऐवजी आपल्या जिल्हा शाखांनी साधा अर्ज करावा. मंडळाचे सध्याचे सदस्य कोण, प्रत्येकाची नेमणूक कोणत्या उपखंडाखाली, मुदत कधी संपते, गेल्या तीन वर्षांत बैठका किती झाल्या, एवढेच विचारावे. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला असल्याने अर्ज कोठे करावा याची संदिग्धता उरलेली नाही.

सर्वांत दुर्लक्षित वाट जिल्ह्याची आहे. पाच जिल्हा-प्रतिनिधींची नेमणूक संबंधित जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीखेरीज होऊ शकत नाही. म्हणजे ही नावे मुंबईत नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणी लिहिली जातात. आपल्या भागात दिव्यांगांसाठी खरोखर झटणारी व्यक्ती, मग ती वैद्य असो वा नसो, कार्याच्या तपशिलासह जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे प्रत्येक शाखेस सहज शक्य आहे. ज्या शाखा असे पत्र देतील, त्यांनी पोचपावतीची प्रत संपादकांकडे पाठवावी. उत्तर आले वा न आले, तरी जिल्हावार तक्ता या अंकांतून प्रसिद्ध करण्याची आमची विनंती संपादक मंडळास आहे.