सगळंच पोटात कशाला घालायचं?

"जाऊ दे गं, पोटात घाल." लग्न झालेल्या बाईला हा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतोच. कधी आई देते, कधी मोठी जाऊ. सासूचं बोलणं पोटात घालायचं, नणंदेचे टोमणे पोटात घालायचे. नवऱ्याची दारू, पोरांची फी, पावसानं दगा दिल्यावर हातचं गेलेलं पीक, सगळं पोटात. आणि मग एक दिवस तेच पोट कुरकुरायला लागलं की घरातले म्हणतात, "हिचं रोजचंच आहे. काही नाही, मनाचे खेळ."

मैत्रिणींनो, मनाचा आणि पोटाचा संबंध आहेच. पण म्हणून पोटाचं दुखणं खोटं ठरत नाही. भीतीनं पोटात गोळा येतो, काळजीनं कालवाकालव होते, परीक्षेच्या सकाळी पोरगं तीनदा संडासला पळतं. आपल्या भाषेला हे कधीचंच ठाऊक आहे. त्यामागचं कारण मात्र समजून घ्यायला हवं. ताण आला की मेंदूतून काही रसायनं सुटतात. त्यामुळे जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून टेन्शनमध्ये जेवण वरच अडकल्यासारखं वाटतं, आंबट ढेकर येतात आणि दुसरीकडे घाईनं पळावंही लागतं. काहीजणींचं याच्या उलट होतं. चार-चार दिवस पोट साफ होत नाही, फुगून नगारा होतो.

पण आतड्याच्या चालीवर एकट्या मेंदूची सत्ता नसते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं आहे. शिवाय मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू नांदत असतात. जंतू म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण दही लावणारीला सांगायला नको की सगळे जंतू वैरी नसतात. धान्याचा कोंडा, कडधान्याची सालं, भाजीतले तंतू आपल्याला पचत नाहीत. हे जंतू ते आंबवतात आणि त्यातून मुख्यतः तीन आम्लं तयार होतात. ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी त्यांची नावं. शास्त्रज्ञ त्यांना एकत्रितपणे शॉर्ट चेन फॅटी ॲसिड्स म्हणतात.

नाव अवघड आहे, काम मात्र समजण्यासारखं आहे. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. चुलीला जसं सरपण, तसं अस्तराला ब्युटिरेट. शिवाय ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना सेरोटोनिन नावाचं रसायन तयार करायला मदत करतात. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि अन्न पुढे सरकवणाऱ्या लाटांना त्याचा मोठा आधार असतो. अमेरिकेत २०१५ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. ज्या उंदरांच्या पोटात जंतूच नव्हते, त्यांचं सेरोटोनिन कमी आणि आतड्याची चाल मंद होती. ठरावीक जंतू पोटात सोडल्यावर दोन्ही सुधारलं. ही आम्लं नेहमी वेगच वाढवतात असं नाही. किती आहेत आणि आतड्याच्या कुठल्या भागात आहेत, यावर ते ठरतं.

आणि ताणाचं काय? आयर्लंडमध्ये २०१८ साली सतत तणावाखाली ठेवलेल्या उंदरांना ही आम्लं दिली, तेव्हा तणावानं आतड्याच्या अस्तराची वाढणारी गळती कमी झाली. पुढे २०२० साली बेल्जियममध्ये ६६ निरोगी माणसांपैकी काहींना आठवडाभर ही आम्लं थेट मोठ्या आतड्यात पोचतील अशा कॅप्सूल दिल्या. नंतर त्यांना मुद्दाम ताण दिला, तर कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी वाढलं. एकच गोष्ट खटकते. त्या ६६ जणांत एकही बाई नव्हती! सगळे पुरुष. म्हणजे प्रयोगाच्या पंगतीतही आपला नंबर नंतरच.

आता आपल्या ताटाकडे येऊ. आमच्या पैठणचं उदाहरण घ्या. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, लाखोंनी वारकरी इथे येतात. घरोघरी पै-पाहुणे उतरतात. घरातली बाई पहाटे उठते ती रात्री अंग टाकेपर्यंत चुलीपाशी किंवा गॅसपाशी. सगळ्यांची पंगत उठेपर्यंत दुपारचे तीन-चार वाजतात. तोवर तिच्या पोटात दोन कप चहा आणि एखादी खारी. मग उरलेला भात, रस्सा, संपलेल्या भाजीचं खरकटं तेल. उसळ पाहुण्यांना गेली, काकडी-गाजर पोरांना गेलं. कामाचा ताण सगळ्यात जास्त असतो नेमक्या त्याच दिवसांत पोटातल्या जंतूंना काही खायलाच मिळत नाही. यात्रा सरते आणि हिचं पोट बिघडतं. षष्ठी वर्षातून एकदा येते, पण शेवटी जेवायची ही रीत बारा महिने चालते.

थोडं गणितही बघा. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत ११ च्या पुढे, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास ११. अख्ख्या हरभऱ्यात तर २५ च्या आसपास. आणि मैद्यात? तीनसुद्धा नाहीत. पांढऱ्या तांदळाचंही तेच. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू हवेत असं आहारतज्ज्ञ सांगतात. चहा-खारी, टोस्ट आणि उरलेला भात यात ते कुठून येणार? उपासाला साबुदाणा, तो तर जवळजवळ नुसता स्टार्च. आठवड्यातून दोन-तीन उपास करणाऱ्या बाईनं निदान भगर, रताळं, राजगिरा, फळं यांच्याकडे वळावं. देव काही साबुदाण्यावर अडून बसलेला नाही.

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधल्या संशोधकांनी भारतीयांच्या पोटातल्या जंतूंवर बरंच काम केलं आहे. २०१६ साली त्यांनी दाखवलं की आपल्या माणसांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जंतू विशेष आढळतात. प्रिव्होटेलाचं नातं धान्य-भाजीच्या जेवणाशी जोडलं जातं. भाकरी, वरण, उसळ, पालेभाजी खाणाऱ्या पिढ्यांचा हा ठेवा म्हणायचा. आपण तो खारी-बिस्किटावर उपाशी मारतोय.

कुणी म्हणेल, तुपात ब्युटिरेट असतं, मग चमचाभर तूप खाल्लं की झालं. तुपात ते असतं हे खरं, पण ते वरच्या लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यासाठी ते तिथल्या जंतूंनीच तयार करावं लागतं.

शिळ्या भाकरीचंही आता कौतुक होतंय. भाकरी गार झाली की तिच्यातला काही स्टार्च न पचणारा होतो आणि तो जंतूंच्या कामी येतो. बरोबर आहे. पण शिळं इतकं गुणकारी असेल तर ते एकट्या बाईच्याच ताटात का? सगळ्यांनी वाटून खावं की! आणि उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात कुणाच्याच पोटात ढकलू नये, त्यानं विषबाधा होते.

दुखणं अंगावर काढायची सवय तर विचारूच नका. ताणानं चाल बिघडणाऱ्या आतड्याच्या आजाराला डॉक्टर आयबीएस म्हणतात. जगात हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. आपल्याकडे मात्र पोटविकार तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००८ साली देशभरातल्या दवाखान्यांतून अशा रुग्णांची पाहणी छापली, तेव्हा त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुष निघाले. इथल्या बायकांची पोटं काय लोखंडाची आहेत? मला तर वाटतं, बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. ती ओवा खाते, मेडिकलमधून चूर्ण आणते आणि कामाला लागते. पैठणीच्या मागावर तासन् तास बसणारी असो की एसटी स्टँडवर ताटकळणारी, धड संडास नाही म्हणून वेग दाबून ठेवते. दाबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं आणि बद्धकोष्ठ वाढतं. त्यावर कोंडा खाऊन काय उपयोग? स्वच्छ संडास हा बायकांच्या पोटाचाच प्रश्न आहे, हे नगरपालिकेला ठणकावून सांगायला हवं.

घरात करण्यासारखं बरंच आहे. ताटात भाकरी, उसळ, पालेभाजी रोज असू द्या, पण एकदम वाढवू नका, नाहीतर गॅसनं हैराण व्हाल. आठवड्या-आठवड्यानं वाढवा आणि पाणीही वाढवा. कडधान्यानं त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारून बदल करा. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, पोटदुखीनं रात्री झोपमोड, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तपासणी करून घ्या. आणि हेही सांगते, भाकरीनं सासरचा जाच थांबणार नाही. तिथे बोलायलाच लागेल.

एकनाथ महाराजांची एक गोष्ट आम्हा पैठणकरांना लहानपणापासून माहीत असते. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, दाराशी भुकेली माणसं आली. नाथांनी ते अन्न आधी त्यांना वाढलं आणि गिरिजाबाईंनी पुन्हा सगळं रांधलं. भुकेल्याला आधी वाढावं हा धडा आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. फक्त रांधणारीही भुकेली असते, हे सांगायचं राहून जातं. आजपासून पंगतीत आपलंही पान मांडा. उसळीची एक वाटी स्वतःसाठी आधीच काढून ठेवा. कुणी काही बोललं, तर ते मात्र पोटात घालू नका.