बॅकअप त्यांचा, डेटा तुमचा

टॅली बंद करताना ‘बॅकअप घेतला का?’ असं विचारायची सवय आपल्या छोट्या धंद्यांना चांगलीच मुरलेली आहे. अकाउंट्सचा माणूस संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावतो, डेटाचं फोल्डर त्यात उतरवतो, मालक तो खिशात घालून घरी नेतो. महिन्याअखेर एक कॉपी सीएकडे जाते. पद्धत गावठी म्हणा हवं तर, पण ऑफिसला आग लागली तरी हिशेब वाचतो.

आता त्याच ऑफिसातली बाकीची कामं बघा. कोटेशन गूगल शीटमध्ये, ड्रॉइंग ड्राइव्हवर, कुणी काय करायचं ते ट्रेलोवर, पार्टीशी झालेली बोलणी टीम्स नाहीतर स्लॅकवर. हिशेब सोडून धंद्याचं सगळं डोकं तिथे आहे आणि त्याच्या बॅकअपचं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ते क्लाउडवर आहे ना!’

क्लाउडवाल्या कंपन्या बॅकअप घेतात, आणि तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी नेटका घेतात. पण तो कशासाठी असतो हे समजून घ्यायचं तर ५ एप्रिल २०२२ला अ‍ॅटलासियनमध्ये काय झालं ते पाहावं. जिरा, कॉन्फ्लुअन्स आणि ट्रेलो चालवणारी ही ऑस्ट्रेलियन कंपनी. त्यांना एक जुनं, वापरातून गेलेलं अ‍ॅप ग्राहकांच्या साइटवरून काढून टाकायचं होतं. एका टीमने दुसऱ्या टीमला क्रमांकांची यादी दिली. ती अ‍ॅपच्या क्रमांकांची असायला हवी होती. दिली गेली ती ग्राहकांच्या अख्ख्या साइटच्या क्रमांकांची. स्क्रिप्ट दोन्ही प्रकारचे क्रमांक मुकाट्याने घेत होती. २३ मिनिटांत ८८३ साइट उडाल्या, ग्राहक ७७५.

कंपनीकडे बॅकअप शाबूत होते. तरीही शेवटच्या ग्राहकाची साइट परत यायला १८ एप्रिल उजाडला, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. कारण तो बॅकअप होता अ‍ॅटलासियनचं स्वतःचं मोठं संकट निभावण्यासाठी. डेटाबेसच बसला तर सगळ्यांना मिळून मागच्या क्षणावर न्यायची तयारी होती. इथे मात्र हजारो ग्राहकांच्या डेटातून काहीशे जणांचाच वेचून परत आणायचा होता. सगळंच मागे नेलं असतं तर बाकीच्यांचं त्यानंतरचं काम पुसलं गेलं असतं. वेचून परत आणण्याची यंत्रणा तयार नव्हती. सुरुवातीला एकेक साइट उभी करायला ४८ तासांच्या आसपास लागत होते. नवी पद्धत बसवल्यावर ते बारा तासांवर आले. त्यात आणखी एक गंमत. साइटबरोबर त्या ग्राहकांची संपर्काची माहितीही गेली होती आणि तक्रार नोंदवायच्या फॉर्मला साइटचा पत्ता लागत होता. ज्यांचं सर्वस्व गेलं त्यांनाच तक्रार करता येईना.

ही झाली कंपनीची चूक, म्हणून निदान कंपनी धावली. चूक तुमच्या माणसाची असेल तर कोण धावणार? ऑगस्ट २०२०मध्ये केपीएमजीत टीम्सवरच्या गप्पा किती दिवस ठेवायच्या याचं एक धोरण बदलताना अ‍ॅडमिनने ते एका वापरकर्त्याऐवजी सगळ्या कंपनीला लावलं. १,४५,००० जणांचे वैयक्तिक चॅट गेले. मायक्रोसॉफ्टलाही ते परत आणता आले नाहीत. त्यांच्या बाजूने पाहिलं तर बिघडलं काहीच नव्हतं: ग्राहकाने पुसायला सांगितलं, प्रणालीने पुसलं. केपीएमजीसारख्या, दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या कंपनीची ही कथा, तर आपल्या भोसरीतल्या किंवा इचलकरंजीतल्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅडमिन म्हणजे बहुधा मालकाचा पुतण्या असतो.

‘रिसायकल बिन आहे की’ असं कुणी म्हणेल. आहे, पण त्याला मुदत आहे. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल तीस दिवस राहते, शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हच्या ऑफिस खात्यात ९३ दिवस. गूगलच्या ऑफिस खात्यातला कर्मचारी काढून टाकला तर वीस दिवसांच्या आत त्याचं खातं परत आणता येतं, नंतर नाही. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये मागचे नव्वद दिवसच दिसतात आणि वर्षापेक्षा जुनं तर पुसलंच जातं. आता आपल्या कामाची चाल बघा. दिवाळीच्या सुट्टीआधी आवराआवर करताना कुणीतरी फोल्डर उडवतो आणि त्याची आठवण होते मार्चमध्ये, सीएने कागद मागितल्यावर.

याहून घातक भानगड मला मालकीची वाटते. रेट-लिस्टचं शीट तीन वर्षांपूर्वी कुण्या पोराने स्वतःच्या जीमेलवर तयार केलं आणि सगळ्यांना शेअर केलं. सगळे त्यात रोज भरतात, त्यामुळे ते कंपनीचं वाटतं. गूगलच्या लेखी ते त्या पोराचं आहे. तो नोकरी सोडतो, वर्षभराने ‘स्टोरेज भरलं’ म्हणून ड्राइव्ह साफ करतो आणि तुमची रेट-लिस्ट जाते. त्यात त्याचा काही वाईट हेतूही नसतो. गूगल वर्कस्पेसच्या वरच्या प्लॅनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह मिळतो, तिथल्या फाइली माणसाच्या नसतात, संस्थेच्या असतात. पैसे वाचवायला म्हणून ते टाळणारे बरेच आहेत.

काही जण दक्ष असतात. ते संगणकावरचं ड्राइव्हचं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाकतात, थेट टॅलीच्या सवयीने. एकदा त्यातल्या गूगल शीटच्या फाइलचा आकार बघा. दोन हजार ओळींचं शीट आणि फाइल जेमतेम एक केबी! कारण ती फाइल नाहीच, नुसती लिंक आहे. शीट गेलं की लिंक कुठेच पोचत नाही. पीडीएफ आणि ऑटोकॅडच्या फाइली खऱ्या उतरतात, म्हणून फसगत लक्षात येत नाही. शीट हवं तर ते एक्सेल करून उतरवावं लागतं, किंवा गूगल टेकआउटमधून मागवावं लागतं.

ट्रेलोची तऱ्हा वेगळी. बोर्ड जेसन फाइल म्हणून बाहेर काढता येतो, पण जोडलेल्या फोटो-फाइलींच्या जागी त्यात लिंकच असतात. आणि तीच फाइल ट्रेलोत परत घालायची सोयच नाही. म्हणजे कार्डावर कोण काय म्हणालं ते वाचायला मिळेल, पण बोर्ड पुन्हा उभा राहणार नाही. ‘डेटा कधीही बाहेर काढा’ असं सगळ्या कंपन्या ठळक लिहितात. परत आत घालायचं काय, हे विकत घेण्याआधी आपणच विचारायचं.

एवढा डेटा, त्याचा बॅकअप कुठे घेत बसू, हीही सबब ऐकू येते. दक्षिण कोरियाच्या सरकारने ती दिली होती. तिथे कर्मचाऱ्यांनी कागदपत्रं आपल्या संगणकावर न ठेवता सरकारी जी-ड्राइव्हवर ठेवावीत असं धोरण होतं, माणशी तीस जीबी जागा. २६ सप्टेंबर २०२५ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि ८५८ टेराबाइट जळून गेले. साठा फार मोठा, म्हणून बाहेर दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती. ज्या खात्याने नियम सर्वांत इमानाने पाळला त्याचं नुकसान सर्वांत जास्त.

आणि काहीच पुसलं गेलं नाही, जळलं नाही, तरी दार बंद होऊ शकतं. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने मुंबईस्थित नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची आउटलुक आणि टीम्सची सेवा थांबवली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, काही दिवसांत सेवा सुरू झाली. तेलशुद्धीकरण कंपनीला वकील परवडतात. आपल्याला एखादं बिल थकलं किंवा खातं संशयास्पद म्हणून गोठलं तर चॅटबॉटशी बोलावं लागतं.

कायदा इथे अर्धवट मदतीला येतो. कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांत २०२२मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. हिशेबाच्या वह्या, बाकी नाही. शिवाय भागीदारी आणि प्रोप्रायटरी धंदे त्याबाहेरच. (जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो. तारीख ठरवणाऱ्याने आपल्याकडचं अकाउंट्स खातं पाहिलेलं नसावं.)

आयटीवाले ३-२-१ सांगतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर. तो दंडक मूळचा पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराचा, आणि आजही खोटा नाही. पण दहा माणसांच्या ऑफिसने सुरुवात मालकीपासून करावी: महत्त्वाच्या फाइली कंपनीच्या खात्यावर आणायच्या, माणूस सोडून जाताना आधी फाइली वळत्या करून मगच खातं काढायचं. मग दर शनिवारी, ज्याच्याशिवाय सोमवारी काम अडेल तेवढंच उतरवून दुसऱ्या कंपनीच्या जागेवर ठेवायचं. निवडलेलं फोल्डर आपोआप सिंक होत राहतं तो बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. माणसं पंचवीसच्या वर गेली की हे हाताने होत नाही. माणशी भाडं घेऊन रोजचा बॅकअप घेणाऱ्या सेवा मिळतात, त्या घ्याव्यात आणि त्यांचाही इम्पोर्ट तपासून घ्यावा.

तपासायचं कसं? एका दुपारी मालकाने स्वतः गेल्या जूनमधलं एखादं कोटेशन निवडावं, ड्रॉइंग आणि पार्टीशी झालेल्या बोलण्यासकट. मूळ खात्याला हात न लावता, निव्वळ बॅकअपमधून ते समोर आणून ठेवायला सांगावं आणि घड्याळ लावावं. दुपार संपेपर्यंत आलं नाही तर पुढच्या शनिवारी काय उतरवायचं, ती यादी तिथेच तयार होते.