बेडूक विचारून शोधायचा नसतो!



एखादी भाषा ‘येते’ म्हणजे नेमकं काय येतं? धडा वाचता येतो? पेपरात चांगले गुण मिळतात? आज ज्या ताईबद्दल सांगणार आहे, तिला हे दोन्ही येत होतं. ती माझ्याकडे चौथीत होती. पाठांतरात पहिली, पण शंका विचारायची म्हटलं की मान खाली! पुढे तिने पुण्यात तीन वर्षं स्पॅनिशचा अभ्यास केला आणि थेट स्पेनमधल्या सालामांका या गावी शिकायला गेली.

नकाशा काढा पाहू. युरोपच्या नैऋत्य टोकाला स्पेन, मधोमध राजधानी माद्रिद. तिथून वायव्येकडे सुमारे दोनशे किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या काठी सालामांका आहे. इथलं विद्यापीठ १२१८ साली स्थापन झालं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे हे विद्यापीठ तिच्याहून बहात्तर वर्षांनी मोठं! त्याच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडात बारीक कोरीव काम आहे. त्या नक्षीत एका कवटीवर बसलेला इवलासा बेडूक दडलाय. कोणी न दाखवता तो ज्याला सापडतो, तो परीक्षेत पास होतो, अशी तिथल्या मुलांची समजूत आहे.

ताई पोचली सप्टेंबरात. पहिल्याच दुपारी तीन वाजता साबण आणायला निघाली, तर कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांना कुलपं! दुपारी दोनच्या सुमारास बंद झालेली बरीच दुकानं पाचच्या सुमारास उघडतात, हे तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सातला पोटात कावळे कोकलू लागले, पण खाणावळीत जेवण तयार नव्हतं. तिथे दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ वाजता किंवा त्याहूनही उशिरा असतं. याचं एक कारण घड्याळात आहे. स्पेन नकाशात इंग्लंडच्या खाली येतं, पण १९४० सालापासून त्याचं घड्याळ जर्मनीच्या वेळेवर चालतं. त्यामुळे सालामांकात उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येईपर्यंत दुपारचे सव्वादोन वाजून जातात. सूर्यानेच उशीर केला तर जेवणाने काय करावं?

खाण्याचीही गंमत झाली. ताई शाकाहारी. पाटीवर ‘सँडविच बेखेताल’, म्हणजे भाज्यांचं सँडविच, असं वाचून तिने ते मागवलं. उघडून पाहते तो आत मासा! तिथे त्या सँडविचमध्ये भाज्यांबरोबर अंडं आणि ट्यूना मासा घालायची पद्धत आहे. मग ताईने एक वाक्य पाठ केलं, ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, पोर फाबोर.’ म्हणजे मांस नको, मासा नको, कृपा करून.

मग आले अर्ज. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आल्यापासून महिन्याच्या आत ओळखपत्रासाठी अर्जही करावा लागतो. अर्जात रकाने होते नाव, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव असे! तिथे बहुतेकांना दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. लग्नानंतर बायका आपली आडनावं बदलत नाहीत. ताईने मधल्या रकान्यात सवयीने वडिलांचं नाव लिहिलं. झालं! खिडकीतल्या बाईंनी तिला वडिलांच्या नावानेच हाक मारली. ताई ‘ओ’ देईना, कारण आपल्याला बोलावताहेत हे तिला कळलंच नाही.

वर्गात आणखी एक धक्का. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन शब्द आहेत. पण तिथली मुलं प्राध्यापकांना सरळ नावाने हाक मारत होती, तेही ‘तू’ म्हणून! (माझ्या वर्गात हे चालणार नाही हं!)

आता खरी गोष्ट ऐका. हे सगळं ताईने मला नंतर हसत हसत सांगितलं, पण त्या दिवसांत तिला हसू येत नव्हतं. पुस्तकातली स्पॅनिश सावकाश चालायची, रस्त्यावरची धावायची. समोरचा बोलला की ही नुसती ‘सी, सी’, म्हणजे ‘हो, हो’ करायची. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. पण आपलं बोलणं चुकेल, लोक हसतील, या भीतीने ती गप्प राहू लागली. पाचव्या दिवशी आईचा फोन आला. तिथे संध्याकाळचे पाच, इकडे रात्रीचे साडेआठ. ‘सगळं छान आहे,’ ताई म्हणाली. आई जरा थांबली आणि म्हणाली, ‘बरं. आज कुणाशी बोललीस?’

ताईला उत्तर देता येईना. त्या दिवशी ती कुणाशीच बोलली नव्हती. परत यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला नेम घालून दिला, रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारायचा. पहिला प्रश्न बेकरीत. पावाला स्पॅनिशमध्ये ‘पान’ म्हणतात. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे हे दोघे मावसभाऊच! ताई म्हणाली, ‘एक पान द्या.’ बेकरीतल्या आजींनी लांबलचक पाव उचलून दाखवला आणि विचारलं, ‘उना बार्रा?’ लांब पावाच्या नगाला ‘बार्रा’ म्हणतात, हे ताईला त्या क्षणी कळलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. चौथ्या दिवशी ताई दारात दिसताच त्यांनी पाव काढून ठेवला आणि म्हणाल्या, ‘तोमा, इखा.’ म्हणजे, ‘घे, लेकी.’

त्या दिवशी आईला सांगायला ताईकडे भरपूर होतं. बाजारात तिला जुनी ओळखीची मंडळीही भेटली होती. ‘नारान्खा’ म्हणजे संत्रं आणि ‘आथुकार’ म्हणजे साखर. आपल्याकडचे संस्कृत ‘नारंग’ आणि ‘शर्करा’ हे शब्द इराणी आणि अरबी लोकांच्या तोंडून प्रवास करत शेकडो वर्षांपूर्वी स्पेनला पोचले होते. ताईच्या कितीतरी आधी!

आणि बेडूक? तो तिला महिनाभराने सापडला. मला म्हणाली, ‘बाई, तिथे तो बेडूक तेवढा विचारून शोधायचा नसतो. बाकी सगळं विचारूनच सापडतं.’

मुलांनो, आता तुमच्या वर्गात बघा. ऊसतोडीला आलेल्या घरातलं, बिहार किंवा कर्नाटकातून आलेलं, नाहीतर नुसतं दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन आलेलं एखादं नवीन मूल शेवटच्या बाकावर गप्प बसलेलं असेल. त्याला काही येत नाही असं समजू नका. ते त्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्याचा एखादा शब्द चुकला तर हसू नका. बेकरीतल्या आजींसारखा बरोबर शब्द त्याच्या हातात ठेवा, आणि त्याच्या भाषेतला एक शब्द त्याच्याकडून मागून घ्या.

आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मूल शाळेतून आलं की ‘आज काय शिकवलं?’ हे आपण विचारतोच. एखाद्या दिवशी ‘आज कुणाशी बोललास? काय विचारलंस?’ असंही विचारून बघा. उत्तर आलं नाही, तर रागावू नका. उद्या पुन्हा विचारा.