वर्गणीदारांची वही

समाजमाध्यमांनी समतेचं दार सगळ्यांना उघडलं, असं आमचे पुरोगामी मित्र हिरिरीने सांगतात. त्यात तथ्य आहे. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नव्हती, आज सेनगाव-कळमनुरीची मुलगी कुठल्याही संपादकाला न विचारता जातीचा अपमान चारचौघांत मांडते.

पण तिचं म्हणणं कोणापुढे जाईल, हे ठरवते जाहिरातींवर जगणारी कंपनी. २०१७ पासून फेसबुकच्या गणितात रागासह सगळ्या इमोजींना लाइकच्या पाचपट वजन होतं. रागाचं वजन शून्यावर यायला २०२० उजाडलं. मग आंबेडकरी, डाव्या, स्त्रीवादी गटांत एकमेकांचा शब्द पकडून झोडपणं वाढलं, याचा सारा दोष कार्यकर्त्यांच्या स्वभावावर कसा टाकायचा? हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाची माथाडी मंडळाकडे नोंद आहे का, हा प्रश्न तिथे वर येत नाही. सर्वसमावेशकतेचा वाद संबोधनांवर अडतो, मजुरीपर्यंत पोचतच नाही. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू एका दमात सांगितले. आपण पहिल्याशी लढतो, तेही दुसऱ्याच्या जागेत, त्याच्या अटींवर.

म्हणून ती जागा सोडावी, असं मी म्हणत नाही. हिंगोली जिल्ह्यातलंच नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. औंढ्याच्या देवळासमोर त्यांना कीर्तनाला मज्जाव झाला, तेव्हा ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, अशी कथा आहे. त्यांनी कीर्तन सोडलं नाही, आणि पुजाऱ्याच्या मर्जीवरही ठेवलं नाही.

आपलीही अशी स्वतःची जागा हवी, म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: स्वतःची पत्रं टिकत नाहीत, ‘मूकनायक’ही १९२३ मध्ये बंद पडलंच. पडलं खरं. पण १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघालं, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. पत्र बंद पडलं तरी त्यामागची चळवळ आणि तिची माणसं जागेवर होती. आपलं फेसबुक पान उद्या बंद झालं, तर हजारो अनुयायांपैकी एकाचाही पत्ता आपल्या हाती राहत नाही.

तेव्हा प्रत्येक गटाने पोस्ट टाकाव्यात, आणि वर्गणीदारांची वहीही ठेवावी: नाव, गाव, फोन. महिन्याला एक बैठक घ्यावी, तीही मोंढ्याजवळ, बाजाराच्या दिवशी, हमालांचं काम उरकल्यावर. आणि खेड्यातून आलेल्या बायांना शेवटची एसटी गाठता येईल इतक्या वेळात ती संपवावी.